पिस्तुलाची नळी हलते, म्हणजे बिघडलं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर पंधरा दिवसांनी एखादा फोन ठरलेला. "साहेब, नळी हलतेय हो." फोन करणारा कधी सिन्नरचा कारखानदार असतो, कधी निफाडकडचा द्राक्षबागायतदार, तर कधी नव्यानं रेंजवर यायला लागलेल्या पोराचा बाप. पिस्तूल पुसायला घेतलेलं असतं, बोट सहज नळीला लागतं आणि ती घट्ट नाही हे ध्यानात येतं. लाखाच्या घरात पैसे मोजलेले असल्यानं पोटात गोळा येणं साहजिक आहे. माझी सगळी नोकरी पोलीस दलात आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून गेली. आता नाशिकात नेमबाजी शिकणाऱ्या पोरांमध्ये शनिवार-रविवार बसतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) पूर्ण पुढे आहे, तरी नळी दाबली की किंचित हलते. हे बरोबर आहे का?

आजच्या बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांत, खासकरून ९ मि.मी.च्या, बरोबर आहे. पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) बाहेर पडते त्या खिडकीतून अंगठ्यानं नळी खाली दाबली तर ती केसभर खाली जाते. नळीचं तोंड चिमटीत धरलं तर तिथेही बारीकशी खडखड जाणवते. कारखान्यानं ती जागा मुद्दाम सोडलेली असते.

पण फोनवर मी कधीच "बिनधास्त राहा" म्हणत नाही. आधी विचारतो, पिस्तूल कुठलं? काही पिस्तुलांची नळी फ्रेममध्ये, म्हणजे मुठीकडच्या मुख्य सांगाड्यात, ठोकून बसवलेली असते. ती हलली तर मामला वेगळा. त्याबद्दल खाली, .३२च्या प्रश्नात लिहिलं आहे.

दुसरं असं की नुसतं "हलते का?" विचारून काही कळत नाही. हलल्यावर ती दर वेळी त्याच जागी परत येते का, हे बघायचं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचा पसारा हे समजावून सांगण्यासाठी.

पण नळी हलायची गरजच काय? बंदुकीची नळी तर गच्च असते.

जुन्या नाशकातले वाडे आठवा. दिंडी दरवाजाच्या मागे भिंतीतल्या खोबणीतून एक जाड लाकडी अडसर ओढून घ्यायचे. अडसर लावल्यावरही बाहेरून दार ढकललं तर ते थोडं हलायचं, कडकड वाजायचं. उघडायचं मात्र नाही. सकाळी अडसर बाजूला सारला की तेच दार एका हातानं उघडायचं.

९ मि.मी. पिस्तुलात नळी आणि स्लाइड यांचं नातं असंच असतं. गोळी सुटते तेव्हा चेंबरमधला (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतला) दाब २३५० बारपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण हजारपट. त्या क्षणी मागचं दार उघडं राहिलं तर पुंगळी फुटून गरम वायू हातावर आणि तोंडावर येईल. म्हणून नळीच्या पाठीवरचा उंचवटा स्लाइडच्या खाचेत अडकलेला असतो. हाच अडसर. गोळी पुढे जाते तेव्हा नळी आणि स्लाइड हातात हात घालून मागे येतात. गोळी बाहेर पडून दाब उतरला की नळीची मागची बाजू खाली झुकते आणि अडसर सुटतो. मग स्लाइड एकटीच मागे जाते, रिकामी पुंगळी फेकते आणि येताना नवं काडतूस घेऊन येते.

झुकायचं म्हणजे नळीला जागा हवी. पुढच्या टोकाला तोंडाभोवती फट नसेल तर मागचं टोक खाली जाणार कसं? नळी वाकणार तर नाही.

ही कल्पना जॉन ब्राउनिंगची. १९११ सालच्या कोल्ट पिस्तुलात नळीखाली एक छोटी झुलती कडी होती, ती नळीला खाली ओढायची. पुढे ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये कडी गेली आणि तिच्या जागी तिरकी खाच आली. ब्राउनिंग १९२६ साली वारले, उरलेलं काम बेल्जियमच्या एफएन कारखान्यात द्युदोने सेव्ह यांनी पुरं केलं, आणि १९३५ साली पिस्तूल बाजारात आलं. आपल्याकडे फौजेत आणि पोलिसांत जे 'पिस्तूल ऑटो ९ मि.मी. १ए' वापरलं गेलं, ते इशापूरच्या रायफल फॅक्टरीत याच हाय-पॉवरच्या नमुन्यावर बनलेलं. माझ्या हाताखालून अशी किती गेली याची मोजदाद नाही. नळी अजिबात न हलणारं एकही पाहिल्याचं आठवत नाही.

१९७५ च्या सिग पी-२२० नं आणि १९८२ साली ऑस्ट्रियाच्या फौजेनं घेतलेल्या ग्लॉक १७ नं आणखी एक सोपं केलं. नळीवर वेगळे दाते न कापता चेंबरचा चौकोनी भागच खिडकीत अडकवला. तत्त्व मात्र जुनंच.

सगळ्याच पिस्तुलांची नळी अशी झुकते का?

नाही. बेरेटा ९२ मध्ये नळी सरळ मागे येते, झुकत नाही. तिच्याखाली एक वेगळा ठोकळा असतो, तो खाली पडला की कुलूप सुटतं. वॉल्थर पी-३८ मध्येही तेच. काही पिस्तुलांत नळी स्वतःभोवती थोडी फिरून सुटते, बेरेटा पीएक्स-४ हे त्याचं उदाहरण. कुठल्या दिशेला किती हालचाल चालेल, हे त्यामुळे प्रत्येक जातीचं वेगवेगळं असतं. शेजाऱ्याच्या पिस्तुलाशी तुलना करायचीच असेल तर निदान जात तरी एक असू द्या.

गोळी बाहेर पडायच्या आधीच नळी हलत असेल तर नेम कसा लागतो?

हा प्रश्न मला एका इंजिनिअरिंगच्या मुलीनं विचारला होता आणि मी खूश झालो होतो, कारण याचं उत्तर कागदावर मांडता येतं.

गोळी समजा ८ ग्रॅमची. स्लाइड आणि नळी मिळून ४७० ग्रॅमच्या आसपास. गोळी नळीत साधारण १०० मि.मी. पळते. पुढे जाणाऱ्याचा आणि मागे येणाऱ्याचा संवेग सारखाच, म्हणून गोळी १०० मि.मी. जाईपर्यंत स्लाइड-नळीची जोडी मागे येणार १०० गुणिले ८ भागिले ४७०, म्हणजे पावणेदोन मि.मी.च्या जवळपास. दारूचं वजन धरलं तर दोन म्हणा. या दोन मि.मी.त नळी सरळच मागे सरकते. झुकणं त्यानंतरचं, आणि तोवर गोळी निघून गेलेली असते. नंतर नळीनं नाच केला तरी गोळीला त्याचा पत्ता नसतो.

तरीही, सैल नळीमुळे नेम थोडा तरी बिघडत असेलच ना?

नळी दर वेळी वेगळ्या जागी बसत असेल तर बिघडतो. किती ते बघा. ११४ मि.मी. लांबीच्या नळीचं तोंड ०.१ मि.मी.नं बाजूला बसलं तर २५ मीटरवर गोळी साधारण २२ मि.मी. बाजूला जाईल. २५ मीटर प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मि.मी. व्यासाचं असतं. म्हणजे चुकूनमाकून दहा लागेलही.

आता आपल्या डोळ्याचा हिशेब. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात १६५ मि.मी. अंतर आहे आणि माशी खाचेत अर्धा मि.मी. डावीकडे राहिली, तर त्याच २५ मीटरवर गोळी ७५ मि.मी.च्या वर सरकते. नळीवर खापर फोडणाऱ्या दहातल्या नऊ जणांना मी फक्त चाप कसा ओढता ते दाखवायला सांगतो. बहुतेकांचं बोट झटका मारतं आणि माशी खाली पडते. तिथून पुढे नळीचा विषय निघत नाही.

आणि एक. मागची-पुढची दोन्ही साइट स्लाइडवर असतात, नळीवर नाही. स्लाइड बंद झाल्यावर नळी स्लाइडच्या तुलनेत रोज एकाच जागी येऊन बसली की झालं. बोटानं दाबून ती खाली जाते, पण गोळी सुटताना तिथं तुमचं बोट नसतं.

माझं .३२ आहे. त्याची नळी हलली तर?

नाशिकच्या परवानाधारकांसाठी खरा प्रश्न हाच, कारण ९ मि.मी. हा बोर (नळीच्या आतलं माप) सामान्य नागरिकाला मिळत नाही. लोकांकडे असतं ते बहुतेक .३२.

.३२च्या काडतुसाचा दाब कमी, कमाल १६०० बार. एवढ्यासाठी अडसराची गरज पडत नाही. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर यांवरच मागचं दार पुरेसा वेळ बंद राहतं. नळीला मागे यायचं काम नाही, म्हणून ती फ्रेमला धरून असते. पण धरून असण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

पहिली तऱ्हा वॉल्थर पीपीची, १९२९ सालची. नळी फ्रेममध्ये दाबून बसवतात आणि आडवी पिन मारतात. ती पुन्हा काढायची नसतेच. अशी नळी बोटानं हलली, कणभर का होईना, तर पिस्तूल त्याच दिवशी बंद करा आणि परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या. स्लाइड हलली तर हलू द्या, स्लाइडला रुळांवर थोडी जागा असतेच. ती नळीच हलली असं समजून घाबरलेले बरेच येतात. स्लाइड मागे अडकवा, नळी उघडी पडेल, मग तीच धरून बघा.

दुसरी तऱ्हा एफएनच्या १९१० मॉडेलची. हिच्यात नळीच्या बुडाला कडा असतात, त्या फ्रेममधल्या खाचांत फिरवून बसवतात, आणि साफ करायला नळी बाहेर येते. जी वस्तू हातानं निघते आणि हातानं बसते, ती थोडी खुळखुळणारच. डावी-उजवीकडे किंचित फिरल्यासारखी वाटली तर काळजी नको. पुढे-मागे सरकत असेल तर मात्र कडा झिजल्यात का ते दाखवून घ्या.

तुमचं पिस्तूल कुठल्या तऱ्हेचं, हे सोबत आलेल्या पुस्तिकेत पहिल्या दोन-चार पानांत कळतं. पुस्तिका हरवली असेल तर उघडतानाच समजतं: नळी बाहेर आली की दुसरी तऱ्हा. ओढाताण मात्र करू नका.

घरी तपासायचं असेल तर कसं?

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. ही औपचारिकता नाही, खरोखर उठून जा.

मग आधी मॅगझिन काढा आणि नंतर स्लाइड मागे ओढा. हा क्रम उलटा केला तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, पण स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं नवं आत जातं, आणि माणूस समजतो पिस्तूल रिकामं झालं. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यानं बघा, मग करंगळी घालून बघा. हाय-पॉवरच्या जातीत मॅगझिन काढलं की चाप काम करत नाही. त्या भरवशावर कोणी राहू नये, काही पिस्तुलांतली ती सोय आधीच्या मालकानं काढून टाकलेली असते.

आता स्लाइड पुढे सोडा. खिडकीत चेंबरची पाठ आणि स्लाइडची पाठ एका पातळीत आहेत का, बघा. चांगल्या उजेडात, वरून, मोबाइलनं एक फोटो काढा. स्लाइड पुन्हा ओढून सोडा. दहा वेळा करा. दर वेळी नळी त्याच पातळीत येऊन बसली, शेवटचे दोन-तीन मि.मी. स्लाइड रेंगाळली नाही, तर पिस्तूल धडधाकट आहे. फोटो जपून ठेवा. सहा महिन्यांनी परत काढलेल्या फोटोशी ताडून बघता येतो, आणि माझ्यासारख्याला फोनवर पाठवला तर निम्मं निदान तिथेच होतं.

अंबडच्या एका टूलरूमवाल्यानं मला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पोलादी पात्या) घेऊन मोजलेलं दाखवलं होतं. हौस चांगली, पण नळीच्या तोंडात पोलादी पाती खुपसू नका. तोंडाच्या कडेला ओरखडा पडला तर त्यानं नेम जितका बिघडेल तितका त्या फटीनं कधीच बिघडला नसता.

माझं सैल आणि मित्राचं घट्ट. मित्राचं जास्त चांगलं ना?

स्पर्धेसाठी कदाचित. रोजच्या भरवशासाठी सैलच बरं.

१९११ च्या जातीत नळीच्या तोंडाशी एक बुशिंग, म्हणजे नळीला धरून ठेवणारं कडं, असतं. स्पर्धेची पिस्तुलं बनवणारे हे बुशिंग आणि नळी एकमेकांना हातानं घासून जुळवतात. असं पिस्तूल नवं असताना स्लाइड ओढायला दोन्ही हातांचा जोर लागतो. कागदावर एका भोकात गोळ्या पडतात हे खरं. पण त्यात दारूची काजळी साठली की ते अडकायला लागतं. फौजेला दिलेली १९११ मात्र बऱ्यापैकी खुळखुळायची आणि चिखलातही चालायची.

सातपूरला लेथवर काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. शाफ्ट आणि बुश यांत क्लिअरन्स शून्य ठेवला तर गरम झाल्यावर काय होतं, त्याला ठाऊक असतं. १४ मि.मी. व्यासाची पोलादी नळी ८० अंशांनी तापली तर तिचा व्यास साधारण १३ मायक्रॉननं वाढतो. फार नाही, पण त्यावर काजळीचा थर, तेलाचा थर, धूळ. या सगळ्यांना जागा हवी.

मग काळजी कधी करायची?

जी हालचाल आधी नव्हती आणि आता आहे, तिची. पिस्तूल घेतल्या दिवसापासून नळी हलत असेल तर तो त्याचा स्वभाव आहे. मागच्या महिन्यापर्यंत घट्ट होतं आणि आता खुळखुळायला लागलं तर काहीतरी झिजलंय, तुटलंय किंवा चुकीचं जोडलंय.

स्लाइड पूर्ण पुढे येत नसेल, बोटानं ढकलावी लागत असेल, तर गोळी झाडू नका. अडसर अर्धवट लागलेला असतो. चांगल्या पिस्तुलात अशा वेळी चाप चालू नये अशी योजना असते, पण जुन्या, झिजलेल्या पिस्तुलात तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

रेंजवर झाडलेल्या पुंगळ्या उचलून बघायची सवय लावा. पुंगळीचं बूड एका बाजूला फुगलेलं, अंगावर उभी चीर, पिनेची खूण मधोमध नसून काठाला. यातलं एखादं जरी दिसलं तरी ती पुंगळी पुडीत बांधून पिस्तुलासोबत घेऊन या. डॉक्टरकडे जुने रिपोर्ट नेतो तसं. नळी काढून तिच्या पाठीवरचे दाते आणि खालची खाच भिंगातून बघा. कडा चेपून गोल झाल्या असतील, त्यावर पोलाद मुरडल्यासारखं दिसत असेल, किंवा केसासारखी रेघ असेल तर ती पुसून जाते का बघा. पुसली गेली तर काजळी. नाही गेली तर तडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: गोळी झाडली आणि नेहमीच्या धाडऐवजी नुसतं फुस्स झालं, तर तिथेच थांबा. दुसऱ्यांदा चाप ओढू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी आली तर नळी त्या जागी फुगते. फुगलेल्या नळीत उजेडाकडे धरून पाहिलं की आत एक काळपट कडं दिसतं, आणि बाहेरून ती स्लाइडच्या भोकात घासायला लागते. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेली काडतुसं असा दगा देऊ शकतात.

हिवाळ्यात स्लाइड नीट बंद होत नाही, नळी अर्धवट बसल्यासारखी वाटते. नळी खराब झाली का?

निफाडकडचे एक बागायतदार डिसेंबरात पिस्तूल पंचात गुंडाळून घेऊन आले. सोबत मुलगा. "दादा, उन्हाळ्यात झकास चालत होतं, आता थंडी पडली आणि नळी वर येतच नाही." मी नळी बाहेर काढली. रुळांवर, दात्यांत, स्प्रिंगवर सगळीकडे पांढरट, मेणासारखा थर. नखानं खरवडून वास घेतला.

"काका, खोबरेल?"

"मग! घरचंच आहे, शुद्ध. शिलाई मशिनला पण तेच घालतो आम्ही."

खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, आणि निफाडचा पारा थंडीत एक आकड्यावर येतो. मुलगा हसायला लागला, काका मात्र पटकन तयार होईनात. शेवटी त्यांच्यासमोर घासलेट लावून सगळं धुतलं, कोरडं केलं, बंदुकीच्या तेलाचे मोजून चार थेंब दिले. स्लाइड खटकन बंद झाली आणि नळी जागेवर बसली. ट्रॅक्टरचं ग्रीस लावणारेही भेटलेत, पण त्यांना निदान वासावरून ओळखावं लागत नाही.

तेल कमीच लावायचं. चेंबरमध्ये आणि नळीच्या आत साफसफाईनंतर कोरडा कपडा फिरवायचा. पावसाळ्यात चामडी कव्हरात पिस्तूल ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं आणि नळीवर तांबेऱ्याचे ठिपके उठतात.

निवडणुकीत पिस्तूल ठाण्यात जमा केलं होतं. परत आल्यापासून नळी हलतेय असं वाटतं.

"वाटतं" हा शब्द तुम्हीच वापरलात. बहुतेकदा असं होतं की दोन महिन्यांनी माणूस पहिल्यांदाच इतकं निरखून बघतो. जमा करण्याआधी पिस्तूल साफ करून, वर सांगितलेला फोटो काढून, पावती नीट नंबर ताडून घ्या. मग परत आल्यावर तुलना करायला हातात काहीतरी असतं.

सातपूरच्या ओळखीच्या टर्नरकडून नवं बुशिंग करून घेतलं तर? तो मायक्रॉनमध्ये काम करतो.

तुमच्या टर्नरच्या हाताबद्दल मला शंका नाही. नाशिकच्या कारखान्यांत असे हात आहेत की जर्मन माणूस बघत राहील. पण शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. तुम्ही त्याच्याकडे पिस्तूल ठेवून आलात तर तुम्ही अडचणीत आणि तोही. काम कितीही देखणं झालं तरी.

शिवाय कुठलं पोलाद, किती कठीण केलेलं, हे त्याला कोण सांगणार?

ऑनलाइन नुसती नळी मिळते. ती मागवू का?

नको. त्याच कायद्यातल्या 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. नळी बदलायचीच असेल तर परवाना असलेल्या विक्रेत्यामार्फत. परवान्यावरच्या नोंदीबद्दल शंका असेल तर शहरातल्यांनी पोलीस आयुक्तालयात विचारावं, ग्रामीण भागातल्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात. नंबर असलेल्या भागावर कानस किंवा पॉलिशचा चाक फिरवू नका. खूण पुसणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि "गंज काढत होतो" हे कारण कोणी ऐकत नाही.

.२२ स्पोर्ट पिस्तूल आणि एअर पिस्तूल यांचं काय?

तिथे नळी पक्की असते आणि पक्कीच हवी. हलली तर स्क्रू ढिला झालाय. पुस्तिकेत दिलेल्या जोरानं आवळा, अंदाजानं नको. एअर पिस्तूलचं दहाचं वर्तुळ अवघं ११.५ मि.मी. असतं, तिथे सैलपणा खपत नाही.

रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर हलतं, तेही चालतं का?

घोडा पडलेला असताना सिलिंडर डावी-उजवीकडे किंचित हलतं, ते चालतं. नळी मात्र आट्यांनी फ्रेममध्ये बसवलेली असते, ती हलता कामा नये. पुढे-मागे सिलिंडर जाणवण्याइतकं सरकत असेल तर दाखवून घ्या.

साफ करताना नळी मी स्वतः काढू शकतो का? चुकीची बसेल का?

पुस्तिकेत सांगितलंय तेवढं उघडायला हरकत नाही, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. नळी उलटी बसत नाही, बसवायला गेलात तर स्लाइड चढणारच नाही. पण रिकॉइल स्प्रिंगचा गाइड एक दाता वर-खाली बसू शकतो, आणि मग नळी तुम्ही म्हणता तशी विचित्र हलते. असं वाटलं तर जोर न लावता परत उघडायचं.

एफएन १९१० च्या जातीत जरा सांभाळून. तिच्यात स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळलेली असते आणि तोंडाशी एक खरबरीत टोपी तिला दाबून धरते. टोपी दाबून फिरवली की स्प्रिंग मोकळी. अंगठा घट्ट नसेल तर टोपी सुटते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, वरिष्ठ समोर उभे असताना, माझ्या हातून सुटली. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाची काच गेली. साहेब काही बोलले नाहीत, फक्त काच फुटलेल्या घड्याळात बघून म्हणाले, "बारा वाजले, जेवून घ्या." तेव्हापासून मी ती टोपी काढताना पिस्तुलावर जुना टॉवेल टाकतो.